व्यंकटरावांचा गोळ्यांचा डबा

फ्रिजवर किंवा फडताळात उरलेल्या गोळ्यांचा एक डबा तुमच्याही घरात असेल, मंडळी. नाही म्हणू नका. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या व्यंकटरावांकडेही होता, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. माणूस पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. त्यामुळे प्रत्येक पट्टी लिफाफ्यात आणि लिफाफ्यावर वळणदार अक्षरात शेरा: ताप, पोट, जखम. स्वतःचं दुखणं जरा थांबलं की ते गोळ्या बंद करत आणि उरलेल्या जपून ठेवत. औषध वाया घालवायचं नाही, कुणाच्या तरी कामी येईल, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतले लोक मागायला येत आणि हे हौसेनं देत.

तर दगडाबाईच्या नडगीला पत्रा लागला, तेव्हा हाच डबा निघाला. दगडाबाई त्यांच्याकडे अकरा वर्षांपासून स्वयंपाकाला, रोज चिकलठाण्याहून येणारी. आठवड्यानं नळाला पाणी आलं, ड्रम सरकवताना त्याची कड लागली आणि खरचटलं. दोन-चार दिवसांत तिथं लाली चढली, पाय गरम लागायला लागला.

व्यंकटरावांनी 'जखम' लिहिलेला लिफाफा उघडला. आत पाचच गोळ्या होत्या.

"सकाळ-संध्याकाळ एकेक घे. कशाला दवाखान्यात खेटे घालतेस?"

तिसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या, तोवर तिला बरं वाटलं. सहाव्या दिवशी मात्र भाकरी थापता थापता ती ओट्याला धरून खाली बसली. व्यंकटरावांच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, तर अंग भाजत होतं. लुगडं जरा वर केलं आणि त्या मागंच सरल्या. घोट्यापासून पार गुडघ्याखालपर्यंत कातडी लालभडक, ताणून चकाकणारी.

"लई ठणकतंय काकू," दगडाबाई म्हणाली. "पण काकांची गोळी खाल्ली ना म्या."

दारात उभ्या व्यंकटरावांनी ते ऐकलं.

रिक्षा करून त्यांनी तिला शहागंजात डॉक्टर तनुजांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, बोट टोचून रक्त तपासलं.

"मावशी, तुम्हाला साखर आहे. माहीत होतं?"

"नाय वो. कुणी तपासलीच नाय."

"आणि गोळी कोणती घेतली?"

आता बोलणं भाग होतं. व्यंकटराव खाली मान घालून म्हणाले, "माझी होती. दाढ काढली तेव्हाची. उरलेली."

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या शांतपणे समजावू लागल्या.

"काका, कातडीला जंतू लागतात ते एकाच तऱ्हेनं नाही. केसाच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात, त्या बरेचदा नुसत्या स्वच्छतेनं जातात. मोठं गळू झालं तर चिरा देऊन पू काढावा लागतो. लहान पोरांच्या नाकातोंडाशी पिवळ्या खपल्या धरतात, त्या एकाच्या टॉवेलवरून दुसऱ्याला होतात. आणि हे जे आहे ना, हे कातडीच्या खालून पसरतं. रक्तात गेलं तर जीवावर बेततं. प्रत्येकाचं औषध वेगळं, दिवस वेगळे. तुमच्या पाच गोळ्यांनी जंतू मेले नाहीत, नुसते दबले. बरं वाटलं म्हणून या दवाखान्यात आल्या नाहीत, आणि तेवढ्या दिवसांत साखरेनं आपलं काम केलं."

भरती व्हायला दगडाबाई तयार होईना. घरी आंधळी सासू, तिला जेवायला कोण घालणार? शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बॉलपेन घेतलं आणि लालीच्या कडेकडेनं पायावर निळी रेघ ओढली.

"तीनपर्यंत इथंच पडून राहा, पाय उशीवर. लाली रेघेबाहेर गेली तर मी तुमचं काही ऐकणार नाही."

बाकावर बसून व्यंकटराव त्या रेघेकडे बघत राहिले. बारा वाजता लाली रेघेच्या आत होती. एक वाजता रेघेला टेकली. उजेडामुळं तसं दिसत असेल, असं त्यांनी मनाला समजावलं, खिडकीचा पडदा सारून पुन्हा पाहिलं. मीनाक्षीबाईंनी पाठवलेला जेवणाचा डबा तसाच पडून राहिला. दोन वाजता लाली बोटभर बाहेर आली होती.

"गेली व्हय भाईर?" त्यांचा चेहरा पाहून दगडाबाईनं विचारलं. "पाय कापत्यात का आता?"

"नाही, नाही. वेळेवर आलोय आपण. सासूबाईंना मीनाक्षी आमच्याकडं घेऊन येईल. भरती हो, बाई. माझं चुकलं."

तिनं होकाराची मान हलवली. मग म्हणाली, "दवाखान्याच्या गोळीला म्या चार सवाल इचारले असते, काका. तुमची व्हती म्हणून डोळे झाकून खाल्ली."

व्यंकटरावांना डोळे पुसायला रुमाल सापडेना.

पाच दिवस सलाईनमधून औषध गेलं, साखर आटोक्यात आणली. पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि पाचव्या दिवशी लाली रेघेच्या चांगली दोन बोटं आत सरकली. पाय वाचला! घरी पाठवताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यातली शेवटची गोळी संपेपर्यंत व्यंकटराव रोज विचारत राहिले. पत्र्याचा डबा मात्र त्यांनी उचलून डॉक्टरांकडं नेऊन दिला, नीट नष्ट करा म्हणून.

पंधरा दिवसांनी शेजारचे बद्रीनाथ नातीला कडेवर घेऊन दारात आले. सईच्या ओठाशी पिवळ्या खपल्या धरल्या होत्या.

"व्यंकटराव, तुमचा डबा काढा बरं जरा."

व्यंकटराव उठले. फडताळाकडं न जाता त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"चला, मी येतो तुमच्यासोबत डॉक्टरकडं. आणि हिचा टॉवेल आजपासून वेगळा ठेवा."

मंडळी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्याप्रमाणं पूर्ण घेतल्या तर डब्यात टाकायला त्या उरतच नाहीत. आणि शेजाऱ्यापाजाऱ्याला मदत करायची असेल, तर त्याला आपली गोळी देऊ नका. आपला अर्धा दिवस द्या.