खिडकीची जागा

“तिला कुठे नेऊ? विमानाच्या नुसत्या आवाजानं घाबरते ती.”

हा आवाज वहिनींच्या कानात अजून तस्साच होता. कितीतरी वर्षांपूर्वीचा, हसरा, मोकळा, पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा इतका सहज. बाहेरच्या खोलीत पाण्याचे पंप विकणारे दुकानदार जमले होते. सगळ्यांत जास्त पंप विकले म्हणून कंपनीनं भाऊंना परदेशाची सहल दिली होती, नवराबायको दोघांची. दुसरी जागा कोणाची, असं कोणीतरी विचारलं आणि भाऊंनी हे उत्तर दिलं.

वहिनी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. आत कपाटात, चादरींच्या घडीखाली, त्यांचा कोराकरकरीत पासपोर्ट होता. दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून फोटोवाल्यानं केस मागे घ्यायला लावले होते. त्या फोटोत त्या स्वतःच्याच धाकट्या बहिणीसारख्या दिसत होत्या. विमानात त्या कधी बसल्याच नव्हत्या. घाबरायचं म्हटलं तरी माणसाला आधी बसावं लागतं.

त्यांनी ट्रे ठेवला. साखर कोणाला कमी, एवढंच विचारलं. आणि भाऊ शेजारच्या हार्डवेअरवाल्या मित्राला बरोबर घेऊन परदेश बघून आले.

चारचौघांत नवऱ्याला खोटं कशाला पाडायचं, हे त्या दिवसाचं कारण झालं. भाऊ परत आले ते अत्तराची बाटली घेऊन, आणि पुढचे तीन महिने घरात फक्त तिकडच्या गप्पा. तेव्हा बोलावं तर म्हणतील, बाईला दुसऱ्याचं सुख बघवत नाही. मग दिवस गेले आणि बोलायची वेळच निघून गेली. खोटं एकदा घरात राहायला आलं की हळूहळू घरचंच होऊन बसतं. त्याला ताट वाढावं लागतं, रात्री पांघरूण घालावं लागतं. वहिनींची भीती अशीच घरात वाढली, मोठी झाली, सोयऱ्यांच्या गप्पांत मिरवू लागली. मुलगा दूरच्या शहरातून फोन करायचा तेव्हा म्हणायचा, आई, तू ट्रेननंच ये हं. भाचीच्या लग्नाला सगळे दोन तासांत उडून गेले आणि वहिनी रात्रभर बसमध्ये खिडकीच्या काचेला डोकं टेकून गेल्या. भाऊ त्यांच्या सोबतीला बसमध्ये बसले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत राहिले, काय करणार, हिच्यासाठी करावं लागतं.

ते भाऊंना खरंच वाटत होतं. राग यायचा तो ह्याचाच. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं. स्वतःच्या खोट्यावर ज्याचा विश्वास बसला, त्याला पकडायचं कुठून?

मागच्या खोलीत वहिनींचं पाळणाघर होतं. भिंतीला लागून छोट्या गाद्या, खिडकीच्या गजांना वाळत घातलेली लाळेरी, कोपऱ्यात चाक निखळलेली लाकडी गाडी. घरावरून विमान गेलं की खेळणं टाकून मुलं धावत यायची आणि आपल्या चिकट हातांनी वहिनींचे कान झाकायची. हे त्यांना भाऊंनी शिकवलं होतं. भाऊंना तो खेळ फार आवडायचा. मुलांचे हात मऊ होते, उबदार होते, आणि वहिनींना त्या हातांवरही रागावता येत नव्हतं. दुपारी मुलं झोपली, की सगळ्यांत धाकटं एखादं खांद्यावर टाकून त्या हलक्या आवाजात म्हणत,

विमान चाललं बाई, ढगाच्या कडेनं,
एक जागा ठेव मला, खिडकीच्या बाजूनं.

ही ओळ कोणी शिकवलेली नव्हती. थोपटता थोपटता आपोआप आली होती.

आणि ह्या वर्षी ती जागा मिळाली. सकाळी बागेत चालायला जाणाऱ्या बायकांनी सहल ठरवली, फक्त बायकांची. औषधांच्या दुकानाची मालकीण त्यांत होती, तिला सगळे औषधवाली म्हणत. वरच्या मजल्यावरची शेजारीण होती. तिला नाव होतं, पण ह्या घरात ती ‘वरची’. नवरा गेल्यापासून ती मोठ्यानं हसायला शिकली होती. वहिनींनी पाळणाघराच्या कमाईतून मुदत संपलेला पासपोर्ट नवा करून घेतला आणि आपली जागा घेतली, कोणाला न विचारता. खोली दोघींत एक, वरची आणि त्या. सहलवाल्याच्या ऑफिसातल्या मुलीनं विमानातली जागा कुठली हवी म्हणून विचारलं, तेव्हा वहिनींनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

भाऊंना हे त्यांनी रात्री जेवताना सांगितलं. भाऊ घास हातात धरून बसले. विमानानं, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, पोहत कसं जाणार.

दोन दिवस भाऊ दुकानातून उशिरा आले. तिसऱ्या दिवशी भाऊंनी शिकवणी सुरू केली.

रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बायका जमायच्या आणि भाऊ खुर्ची सरकवून मध्यभागी बसायचे. एकदा परदेश पाहिलेला माणूस त्या खोलीत एकटाच, तेव्हा मान त्यांचाच. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, त्याच्या दोन प्रती काढा, एक बॅगेत, एक घरी. औषधं सुटी न्यायची नाहीत, पाकिटासकट न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, नाहीतर तिथले लोक तुम्हाला वेगळ्याच खोलीत बसवतील. कात्री, नेलकटर मोठ्या बॅगेत. फोन चार्ज करायची बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत, ती मोठ्या बॅगेत टाकाल तर बॅग उघडून काढतील. तिकडच्या भिंतीतली भोकं वेगळी असतात, आपली पिन बसत नाही, तेव्हा तो मधला तुकडा इथूनच घ्या. हॉटेलच्या नावाचं कार्ड कायम खिशात. वाट चुकलात तर बोलू नका, कार्ड दाखवा.

हे सगळं कामाचं होतं. वहिनी ते मनात नीट लावून घेत होत्या. पण भाऊ थांबतील तर ना. तिकडे हळू बोला. तिकडे रांगेत पुढच्याच्या अंगाला चिकटू नका. काटा डाव्या हातात. वरचीनं विचारलं, भाऊ, काटा डाव्या हातात धरला नाही तर परत पाठवतात का? बायका हसल्या. भाऊही हसले, पण काटा उजव्या हातात धरलेल्या कोण्या बाईकडे कसं बघितलं जातं, ते त्यांनी डोळे बारीक करून दाखवलं, आणि दाखवताना बघितलं ते वहिनींकडे.

वहिनींनी हातातला पेला खाली ठेवला. जरा जास्तच जोरात.

प्रत्येक संध्याकाळच्या शेवटी एक खास धडा असायचा, तो फक्त वहिनींसाठी. विमान वर चढताना पोटात गोळा येतो, तेव्हा गोळी चघळायची. कानात कापूस. उलटीची पिशवी पुढच्या सीटच्या खिशात असते, ती आधीच काढून मांडीवर ठेवायची. खाली अजिबात बघायचं नाही. बायका माना हलवायच्या. कुणीतरी वहिनींच्या पाठीवरून हात फिरवायचं. वहिनी ते सगळं अंगावर घेऊन बसायच्या आणि त्यांच्या आत काहीतरी उकळत राहायचं, झाकणावर झाकण ठेवलेलं. आता बोललं तर ह्या एवढ्या वर्षांच्या माना हलवण्याचं काय करायचं? वरचीनंही एकदा अशाच बसच्या प्रवासात सोबत येऊन आपल्यासाठी जागरण केलं होतं. मुलगा दर वेळी तीन गाड्या बदलून न्यायला यायचा. खोट्यात आता वहिनीही होत्या. भाऊंनी ते बोलून केलं, त्यांनी ते गप्प राहून.

निघायच्या आदल्या आठवड्यात शेवटची शिकवणी होती. बॅगा तोलून झाल्या. वरचीची बॅग जड निघाली, कारण तिनं त्यात इस्त्री घातली होती. भाऊंनी ती सगळ्यांसमोर बाहेर काढली आणि वरची म्हणाली, चला, आता चुरगळलेलीच जगाला तोंड दाखवते. वहिनीही हसल्या. त्या संध्याकाळी त्यांना खरंच बरं वाटत होतं. बॅगेची चेन लागली होती, नवे बूट पायांना चावायचे थांबले होते.

मग भाऊंनी घसा साफ केला.

त्यांनी सांगितलं की काळजीचं काही कारण उरलेलं नाही. हिला एकटीला एवढ्या लांब पाठवणं त्यांच्या जिवाला पटत नव्हतं, म्हणून महिन्याभरापूर्वीच त्यांनी सहलवाल्याकडे स्वतःचे कागद दिले होते. व्हिसा काल हातात आला. बायकांची सहल असली तरी सहलवाल्यानं अडचण समजून घेतली. खोली नवराबायकोला एकत्र मिळेल. वरचीची सोय दुसऱ्या शहरातून येणाऱ्या एका बाईंबरोबर केली आहे, त्या घोरतात असं ऐकलंय, पण चालेल ना? आणि विमानातली हिची जागा त्यांनी बदलून घेतली आहे. खिडकीची कोणी दिली होती कोण जाणे, ती ते स्वतः घेतील. हिला वाटेकडची, म्हणजे बाहेर काही दिसणार नाही आणि ही घाबरणार नाही.

वरचीनं वहिनींकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, तुला माहीत होतं का हे? वहिनींनी मान हलवली. माहीत नव्हतं. घरात, त्याच पलंगावर, त्याच पंख्याखाली महिनाभर झोपूनही माहीत नव्हतं.

औषधवालीनं पर्स उघडली. भाऊ, तुम्ही सांगितलेल्या ह्या झोपेच्या गोळ्या, ती म्हणाली, पण वहिनींनी एकदा डॉक्टरांना विचारलेलं बरं. भाऊंनी पाकीट घेतलं आणि उजेडात धरून बघितलं. अर्धी पुरे, ते म्हणाले. चढल्या चढल्या अर्धी गोळी, की डोळे मिटले. उघडले की पोचलो. हिला कळायचंसुद्धा नाही.

वहिनी उठल्या. चहा आणते, म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला. आपल्याला आलाय तो राग आहे, भीती नव्हे, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की त्यांनी ओट्याची कड धरली. इतकी वर्षं लोक आपल्याकडे बघून म्हणत आले, बिचारी. डोळे मिटले की पोचलो. म्हणजे ढगाची ती कडही नाही, खाली लहान होत जाणारं गावही नाही, पंखावरचं ऊनही नाही. सगळं भाऊ बघणार, खिडकीला नाक लावून. आणि आपण शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेल्या, गाठोड्यासारख्या. परत आल्यावर ह्याच खोलीत सांगणार, हिला मी कसं सांभाळून नेलं.

दूध वर आलं. त्यांनी ते उतू जाऊ दिलं. थोडा वेळ जळका वास येऊ दिला. मग कप भरले.

ट्रे तोच होता, कडेला एक टवका उडालेला. दारही तेच. वहिनी त्या दारात थांबल्या. बाहेर भाऊ सांगत होते की तिकडे उतरल्यावर सगळ्यांनी त्यांच्या मागे राहायचं, ते हात वर करून चालतील. बायका ऐकत होत्या, पण आधीसारख्या नव्हे. वरची आपली इस्त्री मांडीवर घेऊन बसली होती.

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. साखर कोणाला कमी, हे विचारलं नाही. भाऊंच्या हातातून गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं, औषधवालीच्या पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली.

भाऊ हसले. अगं, तुला आताच भीती वाटायला लागली का, म्हणाले. बघा, मी सांगत नव्हतो?

“अहो, तो फोन उचला,” वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, तरी मागच्या खोलीत मूल न्यायला आलेल्या एका आईनं तिथून डोकावून बघितलं. “सहलवाल्याला सांगा, खोली माझी आणि हिची. खिडकीची जागा माझी. ती मी मागून घेतली होती. तुम्हाला यायचं तर या, तुमचा व्हिसा, तुमची हौस. पण माझ्या शेजारी बसायचं नाही.”

“अगं पण तू विमानात...”

“विमानात काय?”

भाऊंनी आजूबाजूला बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं कोणी मान हलवली नाही. लोकांसमोर हे काय चाललंय, असं काहीतरी ते पुटपुटले. आत जाऊन बोलू, म्हणाले.

“आत नाही. तुम्ही इथंच बोलला होतात, ह्याच खोलीत, लोकांसमोर. मी ह्याच दारात उभी होते, हाच ट्रे हातात होता. मला वाटलं, माणसं गेल्यावर तरी विचाराल, तुला यायचं होतं का. माझा पासपोर्ट तयार होता. चादरींखाली. मी फोटोसाठी केस मागे घेतले होते.”

वरचीच्या मांडीवरची इस्त्री घसरली आणि जमिनीवर आपटली. कोणी ती उचलली नाही.

“मला विमानाची भीती कधीच वाटली नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी घाबरले नव्हते. तुम्ही मला नेलं नव्हतं.”