खोलीचा आवाज

चाकणच्या एका कंपनीत मी सेकंद कापायचं काम करतो. हातात स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभं राहायचं. कामगार नट उचलायला किती वेळ घेतो, वळायला किती, मध्येच कंबर सरळ करायला किती, ते लिहून घ्यायचं आणि त्यातलं फुकट गेलेलं काढून टाकायचं. अठरा वर्षं हेच केलंय. मी दिसलो की लाइनवरचे लोक बोलायचे थांबतात. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर सहसा कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

अशा माणसानं ताओवर पॉडकास्ट काढावा, यातला विनोद मला फार उशिरा कळला. माझी बायको तनुजा चार वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना म्हणाली होती, "निरंजन, तू माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस." त्यानंतर मी या चिनी विचारावर मिळेल ते वाचत सुटलो. ओढाताण करू नये, पाण्यासारखं सखल जागी जावं, भरलेल्याइतकाच मान रिकाम्यालाही द्यावा. वाचून बरं वाटायचं. मग माईक आणला, पॉडकास्टला 'सहज' असं नाव दिलं, आणि सहज कसं जगावं हे लोकांना शिकवायला दर सोमवारी सकाळी सातच्या ठोक्याला भाग टाकायचाच, असं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलं. ऐकणारे साठ-बासष्ट. त्यातला एक मीच होतो, कारण प्रत्येक भाग मी कंपनीच्या बसमध्ये बसून स्वतः ऐकायचो.

एकोणिसाव्या भागासाठी मी अण्णांना बसवलं. अण्णा म्हणजे माझे वडील, ज्योतीराम. धाराशिवकडून पिंपरीला आले आणि एकतीस वर्षं एका फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये राबले. निगडीतली आमची दोन खोल्यांची जागा त्यातूनच झाली. मुळात कमी बोलणारा माणूस. विचारलेल्याचं उत्तर द्यायला त्यांना इतका वेळ लागायचा, की तोवर विचारणारा दुसरंच काही विचारून बसायचा.

त्यांची एक खोड होती. चहाचा कप हातात आला की आधी नखानं टिचकी मारून वाजवायचे आणि मगच प्यायचे. फाउंड्रीत ओतलेला लोखंडी जॉब तडकलाय का, हे हातोडी मारून आवाजावरून ओळखतात. ती सवय घरी आली होती. आई चिडायची. "माझा कप काय फुटका हाय व्हय?" म्हणायची. अण्णा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा वाजवायचे.

मार्चमधला गुरुवार होता. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी दुपारभर लाइटही बंद होती. पंखा नाही, फ्रिज नाही, शेजारचा मिक्सर नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ मिळत नाही.

"अण्णा, आधी एक मिनिट काही बोलायचं नाही," मी म्हणालो. "खोलीचा आवाज घ्यायचाय."

"खोलीला आवाज आस्तो व्हय?"

"असतो. नंतर कापाकापी केली की जोड ऐकू येतात. ते झाकायला खाली हा आवाज पसरायचा."

अण्णांनी मान हलवली आणि गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मिनिट झाल्यावर मी त्यांना बोलतं केलं.

मला त्यांच्याकडून पोकळीबद्दल हवं होतं. तेच त्यांचं काम होतं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी फिरायला जागा लागते. ती जागा मागून कुणी कोरत नाही. तेवढ्याच आकाराचा वाळूचा कोअर आधी साच्यात ठेवतात, भोवती लोखंडाचा रस ओततात आणि गार झाल्यावर वाळू झोडपून बाहेर काढतात. अण्णा एकतीस वर्षं ते कोअर करत होते.

"म्हणजे तुम्ही केलेली वस्तू शेवटी कुठं जायची, अण्णा?"

"झाडून टाकायचे."

एवढं बोलून ते थांबले. किती थांबले, देव जाणे. मी चुळबुळ केली, घड्याळ पाहिलं, पुढचा प्रश्न शोधायला लागलो. मग ते म्हणाले, "जागा ऱ्हायची."

पुस्तकं वाचून मी अठरा भागांत जे सांगत होतो ते अण्णांनी दोन शब्दांत सांगितलं होतं. आणि मी काय केलं, तर लगेच विचारलं, "बरं, मग पगार किती होता तेव्हा?"

रेकॉर्डिंग एक तास बावन्न मिनिटांचं झालं. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की बोलण्यातली अर्ध्या सेकंदापेक्षा मोठी प्रत्येक शांतता आपोआप कापली जाते. मी दाबलं. खाली आकडा आला: एक्काहत्तर मिनिटं काढून टाकली. लाइनवर एवढी बचत केली असती तर कंपनीनं माझा फोटो लावला असता. उरलेल्यातून पाल्हाळ काढलं, माझ्या हुशारीची प्रस्तावना जोडली आणि तेवीस मिनिटांचा सुटसुटीत भाग तयार केला. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलं. रिजेक्ट झालेल्या नटाची नोंद पाच वर्षं जपून ठेवणारा माणूस मी. हे पुसताना हात एकदाही अडखळला नाही.

आईनं तो भाग तेव्हा ऐकला नाही. "माणूस हितं बसल्याला आस्ताना मोबाइलात कशाला ऐकायचं?" म्हणाली.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि एका पहाटे अण्णा झोपेतच गेले.

घरात आई आणि मी उरलो. आमचं बोलणं दिवसाला पाच-सहा वाक्यांवर आलं. जेवलास का, उद्या बस किती वाजता, गॅस संपत आलाय. मी सोमवारचे भाग टाकत राहिलो. साठाचे एकेचाळीस झाले. बसमध्ये कानात माझाच आवाज, आजूबाजूला पेंगणारी माणसं, आणि वाटेतलं तळवडे ओलांडेपर्यंत मला स्वतःचा वीट आलेला असायचा. तरी ऐकायचो. दुसरं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी, जेवण झाल्यावर आई माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"त्यांचं बोलनं हाय नव्हं तुझ्याकडं? लाव की."

"आत्ता?"

"आत्ताच लाव. तोंड डोळ्याम्होरं येतंय, पर बोलायचे कसे ते माझ्या ध्यानातनं चाललंय. लई भ्या वाटतंय रं."

आईनं कधी कशाची भीती सांगितलेली मला आठवत नव्हती. मी घाईनं एकोणिसावा भाग लावला. मनातून थोडा खूशही होतो. निदान एवढं तरी आपण करून ठेवलंय. ती कॉटवर मांडी घालून बसली आणि फोनकडे बघत राहिली. तीन-चार मिनिटं झाली.

"हे कोन बोलतंय?"

"अण्णाच, आई."

"आवाज त्यांचा हाय. बोलनं त्यांचं न्हाई." तिनं फोन माझ्याकडे सरकवला. "आसं तुझ्यावानी भराभरा ते कधी बोलले?"

तेवढ्यात फोनमधून अण्णांचा आवाज आला: झाडून टाकायचे जागा ऱ्हायची. मधे काहीच नाही. एखाद्या गप्पिष्ट माणसानं टाळी घ्यायला फेकावं तसं वाक्य. आई उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली.

मी लॅपटॉप उघडला. पुसलेल्या फाइली परत आणायचे दोन-तीन उपाय करून पाहिले. अकरा महिन्यांत त्या जागेवर काय काय येऊन बसलं होतं: माझे पुढचे सगळे भाग. अण्णांची एक्काहत्तर मिनिटं मी माझ्याच बडबडीनं भरून टाकली होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. भांड्यांचा आवाज चालू होता, म्हणून बरं.

मग ती फाइल दिसली. नाव होतं 'खोली'. मी ती पुसली नव्हती, कारण दर भागाला लागायची. आमच्या खोलीचा इतका स्वच्छ आवाज पुन्हा मिळाला नव्हता, म्हणून नंतरच्या प्रत्येक भागात जोड झाकायला मी त्यातले सुरुवातीचे वीस सेकंदच वापरत आलो होतो. पूर्ण फाइल कधी ऐकली नव्हती. ज्यात कुणी बोलत नाही ते पूर्ण कोण ऐकणार?

मी आईला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली. लॅपटॉपला मोठा स्पीकर जोडला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

आधी नुसती सू सू. मग त्यात हळूहळू श्वास ऐकू यायला लागला, नाकातून येणारा, जरा जड. खुर्ची करकरली. लांबून पावलं आली, बांगड्या वाजल्या, टेबलावर काहीतरी ठेवलं गेलं. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"मी हाय ती. च्या आनला हुता मी."

पुन्हा शांतता. श्वास. आणि मग, अगदी स्वच्छ, टण्ण.

"वाजवला," आई म्हणाली. "बग, कप वाजवला."

एक भुरका ऐकू आला. कप बशीत बसला. त्यानंतर अण्णांनी एक लांब हुंकार सोडला, काही बोलायच्या आधी ते सोडायचे तसा. आई पुढे वाकली. आणि स्पीकरमधून माझा आवाज फाटल्यासारखा आला: "हां, झालं अण्णा! आता बोला."

फाइल संपली.

आई तशीच वाकून बसली होती. वरती पंखा फिरत होता. ती उठली, पंखा बंद केला आणि पुन्हा माझ्याशेजारी येऊन बसली.

"परत लाव," ती म्हणाली. "तू बोलतोस त्याच्या आदी बंद कर."