मांजरांच्या दारावरची पितळी पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. मित्रांनो, माझं वजन मूठभर, पण माझ्यापायी दोन बहिणींचं बोलणं तुटलं होतं.

थोरली मांजरांचा अभ्यास करायची, त्यांना औषधपाणीही करायची. धाकटी जुन्या भाषा शिकवायची. थोरलीला आपल्या दवाखान्याच्या दारावर अभ्यासाचं इंग्रजी नाव हवं होतं. अक्षरं कोरणाऱ्याच्या दुकानातच ठिणगी पडली.

"फेलिनॉलॉजी," थोरली म्हणाली. "फेलिस म्हणजे मांजर, लॉजी म्हणजे अभ्यास."

"फेलिस लॅटिन, लॉजी ग्रीक! तोंड एकीचं, शेपूट दुसरीचं. असलं ठिगळ नको, ताई. ऐलुरॉलॉजी घाल. ऐलुरोस म्हणजे मांजर, अस्सल ग्रीक. हलत्या शेपटीवरून ते नाव पडलं असावं म्हणतात."

"शहाणे, दारात आलेल्या मांजराचं कूळ मी कधी विचारते का? मग शब्दाचंच कशाला?"

"मग त्या पाटीच्या दारातून मी आत यायची नाही!"

"बाई, काय ते आत्ताच ठरवा," कोरणारा कळवळला. "पितळेवर खोडरबर चालत नाही."

धाकटी तरातरा निघून गेली. थोरलीने 'फेलिनॉलॉजी' कोरून घेतलं. मग कोरणाऱ्याच्या कानात आणखी एक काम सांगितलं. मला स्क्रू न लावता कड्यांवर टांगलं. का, ते धीर धरा. मीही धरलाच की!

वर्षं गेली. माझ्यावर कौतुकाच्या नजरा पडल्या, मग धूळ. वळून बघणारं कुणी उरलं नाही. मग एका सकाळी धाकटी आली. टोपलीत तिचं मांजर निपचित पडलेलं. उंबरठ्यापाशी पाय अडला. शब्द दिलेला ना!

"ताई, बाहेर ये गं. हिला श्वास लागलाय."

"इथे काय तपासू? औषधं आत आहेत."

"पण ती पाटी..."

"उलटी कर आणि ये आत."

तिने मला उलटं केलं. माझ्या पाठीवर तिचा शब्द होता, 'ऐलुरॉलॉजी', पहिल्या दिवसापासून.

"आधी सांगता येत नव्हतं?" धाकटीने विचारलं.

"तुला पाटी उलटून बघता येत नव्हती? आण ती टोपली."

मांजर वाचलं. आता ते जाता-येता मला शेपूट घासतं. धाकटी म्हणते, बघा, हलत्या शेपटीचा माझा शब्द खरा ठरला.

तेव्हा मित्रांनो, शब्द असो की माणूस, रुसण्याआधी एकदा पाठीमागचंही वाचून बघा. आणि मला पुसाल तेव्हा दोन्ही बाजूंनी पुसा.