एका फीडरवरची माणसं

मी एक जुना यूपी—

टक.

पुन्हा सांगतो. मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी एकानेही टेबलाखाली वाकून माझ्या पाठीवरची धूळ कधी पुसलेली नाही, तेव्हा ते फार मनावर घेऊ नका.

माझं काम सोपं आहे. लाईट गेली की कॉम्प्युटरला दहा मिनिटं जिवंत ठेवायचं आणि ओरडायचं. सहा वर्षं मी हे काम शेवगावात लिडियाच्या दुकानात केलं. ते ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. तिथे येणारा प्रत्येक माणूस रकान्यांत बसवला जातो, म्हणून मीही बसतो.

नाव: सहाशे व्हीए (ताकदीचा आकडा, तेच नाव).
जन्मस्थळ: खोक्यावर लिहिलं होतं. खोकं उंदरांनी खाल्लं.
वजन: पाच किलो. त्यातले दोन किलो एकट्या बॅटरीचे.
व्यवसाय: वाट पाहणे.
वारस: नाही.

लिडिया तेव्हा सव्वीस वर्षांची होती. वडील शाळामास्तर होते, वारले. दुकान तिचं, कर्ज तिचं, कॉम्प्युटर तिचा. आठवडाभर ती लोकांचे उत्पन्नाचे दाखले काढायची. रविवारी मात्र चर्चहून आली की शटर अर्धं ओढायची आणि वैद्य व्हायची.

हा एक खेळ आहे. जगभरची माणसं इंटरनेटवरून एकाच वेळी त्यात उतरतात. किल्ले आहेत, जादूगार आहेत, राक्षस आहेत. माणसं टोळ्या करून राहतात. लिडियाच्या टोळीचं नाव निखारा. टोळीत पंधरा जण, सगळे आपल्याच जिल्ह्यातले. कोपरगावचा पार्थ टोळीचा नायक, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. राजूरचा गोरक्षनाथ ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. एरवी तो किराणा दुकानात उभा असतो. आणि आमच्या शेवगावचे आबासाहेब, पशुखाद्याचे दुकानदार, वय पंचेचाळीस, खेळात तिरंदाज. लिडिया जखमा बऱ्या करायची. चार वर्षं तिने त्या वैद्याला वाढवलं. पोटच्या पोराला वाढवतात तसं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. त्याहून जास्त लक्ष देऊन वाढवलं.

लिडिया हेडफोन लावत नसे, कान दुखतात म्हणून. सगळं स्पीकरवर. त्यामुळे टोळीचं मला ऐकू यायचं आणि माझं टोळीला.

एकदा पाच मुंडक्यांच्या नागिणीशी लढाई चालू होती. टोळीत तिला मावशी म्हणतात. दोन मुंडकी उरली आणि शेवगावची लाईट गेली. मी कॉम्प्युटर धरला. दर दहा सेकंदांनी ओरडत नऊ मिनिटं धरला. मावशी आडवी झाली.

"हा कुनाचा कोंबडा आरवतोय रं?" गोरक्षनाथाने विचारलं.

"माझा यूपीएस आहे," लिडिया म्हणाली.

"त्याला टोळीत घ्या," पार्थ म्हणाला. "आबासाहेबांपेक्षा कामाचा आहे."

सगळे हसले. आबासाहेब लाईटीबरोबर खेळातून कधीच गेले होते, मोबाईलवरून ऐकत होते; तेही हसले, पण जरा उशिरा. माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. मी ते रोज आठव—

टक.

कुठे होतो? कौतुक. ते संपलं.

आता टोळीचा नियम सांगतो. लढाईत जो मरतो त्याचं चिलखत, हत्यार तुटतं. महिन्यांची मेहनत जाते. पण ज्याचा कॉम्प्युटर बंद पडतो तो खेळातून नुसता नाहीसा होतो. त्याचं काही तुटत नाही. म्हणून हरायची वेळ आली की कुणाची ना कुणाची लाईट जायची. पार्थने यावर तोड काढली. एका सबस्टेशनातून निघालेली एक लाईन म्हणजे एक फीडर. त्यावरच्या सगळ्यांची लाईट एकदम जाणार, एकदम येणार. तेव्हा कुणी 'लाईट गेली' म्हणालं, तर त्याच्याच फीडरवरच्या दुसऱ्या गड्याने साक्ष द्यायची. साक्ष उलटी पडली तर दोषीने 'खोटं बोललो' असं सगळ्यांसमोर म्हणायचं आणि आठ दिवस किल्ल्याच्या वेशीवर बिनहत्यारी उभं राहायचं. येणारे-जाणारे हसण्याचं बटण दाबून त्याच्या तोंडावर हसणार. कबूल केलं नाही, तर टोळीबाहेर.

शेवगावचा रंगनाथ असा बाहेर गेला. "माझ्या गल्लीतली खरंच गेली होती रे," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. साक्ष लिडियाने दिली होती. "माझ्याकडे लाईट आहे," एवढंच म्हणाली. ते खरंच होतं. दोन मिनिटांत त्याचं नाव गेलं आणि टोळी पुढच्या लढाईला लागली. सहा जण असेच गेले, त्यांच्या जागी नवे आले. नियमाने शिस्त आली, असं पार्थ म्हणायचा. शिस्त म्हणजे आता सगळे एकमेकांचे पहारेकरी झाले होते.

माझं म्हणाल तर मी म्हातारा होत होतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलायची असते. माझी सहा वर्षं तीच. त्यात उन्हाळा लागला की लिडिया टेबल फॅनही माझ्याच पाठीत खुपसायची. मित्रांनो, पंखा यूपीएसला लावू नये हे पत्रकात पहिल्याच पानावर असतं. पत्रकही उंदरांनीच खाल्लं असेल.

मार्चमधला रविवार. दुपारचे तीन. मावशीची चार मुंडकी पडली होती.

तेवढ्यात लाईट दचकली. नीट ऐका, गेली नाही. अर्ध्या श्वासापुरती खाली आली आणि पुन्हा वर गेली. बाकी गावात कुणाला कळलंही नसेल. पण ती दचकली की मला बॅटरीवर उडी मारावीच लागते. टक. मी उडी मारली, आणि खाली बॅटरीत जीवच नव्ह—

पडदा काळा. पंखा बंद. ट्यूब दिवसाची बंदच होती.

"अगं बाई, लाईट!" लिडिया म्हणाली, आणि मोबाईलवरून टोळीच्या ग्रुपवर दोन शब्द टाकले: 'लाईट गेली.' चार मिनिटांनी तिने माझं बटण दाबून पाहिलं. मी सुरू झालो. तिला वाटलं, लाईट आली. मी गप्प बसलो. मला सांगता येत नाही, नुसतं ओरडता येतं, आणि ओरडायलाही बॅटरी लागते.

"ये, ये. आली का लाईट?" स्पीकरमधून आबासाहेब.

"आत्ताच आली. मावशीचं काय झालं?"

"मावशीचं काय हुतंय? आमचं झालं!" गोरक्षनाथ ओरडला. "समदे मेलो. माझी दोन महिन्यांची ढाल, तिचा भुगा झाला. अन तू बरी धडधाकट!"

"मी काय करणार? लाईट गेल्ती."

"गेलीच न्हाई," आबासाहेब म्हणाले. "माझ्याकडं हाय. मगापासनं हाय. एकच फीडर हाय आपला, लिडियाबाई."

"आबासाहेब, मी कशाला खोटं बोलू?"

"त्ये तुलाच ठावं. ढाल त्याची मोडली, तुझं काय मोडलं?"

पार्थचा आवाज शांत होता. "लिडिया, नियम माहीत आहे. खोटं बोलले म्हण, आठ दिवस वेशीवर उभी राहा, विषय मिटला."

"पण मी खोटं बोललेच नाही."

"रंगनाथबी ह्येच म्हनला हुता," गोरक्षनाथ म्हणाला. "तवा साक्ष कुनाची हुती गं?"

कुणीतरी हसलं. लिडियाने अर्ध्या शटरखालून रस्त्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या."

"घे की," आबासाहेब म्हणाले. "तवर लाईटीला इचारून ठेव."

सोमवारी तिचा चुलतभाऊ नोहा आला. मोटारी, पंखे दुरुस्त करतो तो. त्याने मला उताणं केलं आणि चार स्क्रू काढले.

"ताई, ही बॅटरी हाय का पाव? केवढी फुगलीय! अन पंखाबी ह्याच्यावरच? कुनी लावला?"

"मीच."

"मग लाईट कशाला जातीय? लाईट जरा हलली असंल, अन हाच मेला असंल."

लिडिया स्टुलावर बसली. आता तिला बचाव मिळाला होता. चेहरा उजळायला हवा होता. पण ती उठली, चप्पल घातली आणि रस्त्यापलीकडे रंगनाथच्या घरी गेली. तासाने परत आली.

"त्याच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, डीपी, वेगळी आहे रे," ती नोहाला म्हणाली. "फीडर एक, डीपी वेगळी. त्या दिवशी तिथला फ्यूज उडाला होता. सगळी गल्ली सांगते."

"रंगनाथ काय म्हनला?"

"दारातच बोलला. आत ये म्हणाला नाही."

तिने फुगलेल्या बॅटरीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली आलं ते असं:

'गूगलवरून काढला का?'
'मी आमच्या फुगलेल्या म्हशीचा टाकू?'
'वैद्य आजारी, यूपीएस आजारी, दोघांनाही सलाईन लावा.'
'नाटकं बंद कर ना बाई.'

रविवार आला. सगळे स्पीकरवर जमले.

"बोल," पार्थ म्हणाला.

"मी वेशीवर उभी राहते," लिडिया म्हणाली. "आठ नाही, पंधरा दिवस. पण खोटं बोलले म्हणून नाही. रंगनाथवर मी न बघता साक्ष दिली म्हणून. त्याची लाईट खरंच गेली होती. त्याला परत घ्या."

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. पार्थ म्हणाला, "नियमात असं कारण नाही."

"मग नियम चुकलाय. साक्ष देणाऱ्याने स्वतःचंच घर बघितलं. मीही तेच केलं, आबासाहेबांनीही तेच केलं."

"मंजी आजवरच्या समद्या साक्षी खोट्या?" आबासाहेब भडकले. "सहा जनांला काढलं त्ये येड्यावानी?"

"हो."

"ही आता आमालाच शिकवाय लागली!" गोरक्षनाथ म्हणाला. "काढ रं पार्थ, काढ तिला."

पार्थने काढलं. पडद्यावर एक ओळ आली. चार वर्षं वाढवलेला वैद्य किल्ल्याच्या दाराबाहेर उभा होता, छातीवरची निखाऱ्याची खूण पुसलेली. आत चौदा पात्रं रांगेत उभी राहिली आणि चौदा जणांनी एकदम हसण्याचं बटण दाबलं. स्पीकरमधून ते हसू बराच वेळ येत राहिलं. लिडियाने शेवटपर्यंत ऐकलं. मग कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी नोहाने विचारलं, "नवी बॅटरी टाकू का ह्याच्यात?"

"नको. कॉम्प्युटर सरळ भिंतीला लाव. हा असाच पाहिजे मला."

मला वाटलं, भंगारात निघालो. पण तिने मला पिशवीत घातलं आणि थेट आबासाहेबांच्या दुकानात, काउंटरवर आणून ठेवलं. आक्काबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सरकी पेंड घ्यायला आल्या होत्या.

"ह्ये काय आनलंस?" आबासाहेब म्हणाले.

"यूपीएस. तुमच्याकडे नाही ना? ठेवा. बॅटरी मेलेली आहे, सांगून देते. नोहा म्हणतो, लाईट नुसती हलली तरी हा पडतो. येत्या रविवारी तुमचा कॉम्प्युटर याला लावून खेळा. मी खोटी असेन तर काहीच होणार नाही."

"मला काय उद्योग न्हाईत व्हय?"

"घ्या की, आबासाहेब," आक्काबाई म्हणाल्या. "पोरीला भ्याताय का?"

"भितोय कशाला? लावतो. रईवारी लावतो!" त्यांनी मला उचललं आणि काउंटरखाली सरकवलं.

लिडिया गेली. मागे वळून पाहिलं नाही. मला तर नाहीच.

रविवार, दुपारचे सव्वातीन. टोळी नव्या वैद्याला घेऊन मावशीवर गेली होती. आबासाहेब बाण मारत होते, मोठमोठ्याने इतरांना शिव्या घालत होते. मी वाट पाहत होतो, व्यवसायच तो. लाईट दचकली.

टक.

पडदा काळा.

आबासाहेबांचा हात मोबाईलवर गेला. दोन शब्द ग्रुपवर पडले: 'लाईट गेली.' मग त्यांना वारा लागला. त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर छताचा पंखा फिरत होता.

मोबाईल वाजला. पार्थचा निरोप होता: 'असू द्या आबासाहेब, तुमचा काय दोष.' मग गोरक्षनाथचा आवाज आला: "शेवगावची लाईटच तसली हाय, आबासाहेब. निवांत या."

साक्ष कुणी मागितलीच नाही. मागणार कुणाला? शेवगावच्या फीडरवर टोळीत त्यांच्याखेरीज आता कुणी उरलंच नव्हतं.

आबासाहेबांचा अंगठा मोबाईलवर हलायचा, थांबायचा, परत हलायचा. निरोप काही गेला नाही. मग ते उठले, एकदा दाराकडे बघितलं, आणि पंख्याचं बटण बंद केलं. मार्च महिना, पत्र्याचं दुकान. घामाने निथळत बसून राहिले.

मित्रांनो, शेवटी विनंती करायची असते. माझ्या जातभाईंची बॅटरी वेळेवर बदला. पंखा त्यांना लावू नका. जमलं तर वाकून धूळ पुसा. तुम्ही पुसणार नाही, मला माहीत आहे. मग निदान एवढं करा. कुणी लाईट गेली म्हणालं, तर आपल्या घरात बसून निकाल देऊ नका. उठा आणि त्याच्या दारापर्यंत जा. आणि निकाल देऊन बसला असाल, तरीही जा.

इथून लिडियाचं दुकान दोन गल्ल्यांवर आहे. चालत तीन मिनिटं. आबासाहेबांची चप्पल काउंटरखाली असते, माझ्या शेजारी. दुकानात ते अनवाणीच वावरतात. सोमवार झाला, मंगळवार झाला. रोज संध्याकाळी ते खाली वाकतात, चप्पल घालतात आणि घराच्या दिशेने जातात.