पट्टीखालची खूण

मित्रांनो, मी एक जुना पिवळा मल्टिमीटर आहे. नाव अवघड वाटलं तर सोडून द्या, काम सोपं आहे. मला दोन तारा आहेत, एक लाल आणि एक काळी. त्या बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या की तिच्यात किती व्होल्ट आहेत ते मी काचेवर आकड्यांत सांगतो. डॉक्टर नाडी बघतात ना, तसंच.

कारखान्यातून निघालो तो थेट मावशींच्या दुकानात आलो. मावशी इलेक्ट्रिक बाइक दुरुस्त करतात. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की त्या मला पुढे करायच्या. मी म्हणेन ती पूर्व दिशा! एकदा मी टेबलावरून पडलो आणि माझ्या काचेचा कोपरा तडकला. मावशींनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली, लेकराच्या गुडघ्याला लावावी तशी. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आमच्या एक गाण्याच्या बाई होत्या. वय सत्तरीचं, पण टेकडीवरच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायला बाइकवरून जायच्या. हल्ली त्यांची बाइक चार्ज करूनही चढावर बंद पडायला लागली. बाइकवरचा मीटर बॅटरी अर्धीच दाखवायचा. मावशींनी मला विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, साडेचौपन्न व्होल्ट, म्हणजे काठोकाठ भरलेली. चार्जरही तपासला, तोही ठीक.

"बॅटरी उत्तम आहे, बाई. तुमचा मीटरच खोटं बोलतोय," मावशींनी निकाल दिला आणि नवा मीटर बसवला. तोही अर्धीच दाखवू लागला. मी मनात म्हटलं, आजकालची पोरं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी बाइक पुन्हा चढावर बसली. बाईंचा मुलगा ती टेम्पोत घालून घेऊन आला.

"आई, आता पुरे. मागून एखादा ट्रक आला असता म्हणजे? ही विकून टाकू आणि शाळेला कळवून टाक."

"मुलांचं गाणं अर्ध्यावर आहे रे," बाई एवढंच बोलल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मावशी, ते दोन मीटर एक सांगतात, हा एकटा भलतंच सांगतो. वर्गातली सगळीच मुलं बेसूर वाटायला लागली की मी आधी माझी पेटी तपासते. पेटीच चढी असेल तर मुलांनी काय करायचं?"

मला असा राग आला! पण मावशींनी एक कोरा सेल आणला. त्यावर दीड व्होल्ट छापलेलं होतं. नवा सेल दीडपेक्षा जरासा जास्त भरतो, पण मी पावणेदोनच्याही वर गेलो. मावशींनी कपाळावर हात मारला आणि माझ्या कोपऱ्यावरची पट्टी सोलली. खाली बॅटरीची एवढीशी खूण दिसत होती. माझ्याच पोटातली बॅटरी संपत आली होती, आणि ती संपत आली की माझे आकडे चढतात. खूण मी केव्हापासून दाखवत होतो, पण पट्टीआड ती कोणाला दिसणार?

"घ्या! सगळ्यांना 'जेवलात का' विचारणारा हा स्वतःच उपाशी," मावशी म्हणाल्या, आणि तिघंही हसत सुटले. नवी बॅटरी पोटात पडताच मी खरं सांगितलं. त्याच चार्जरने पुन्हा भरूनही बाईंची बॅटरी साडेचौपन्नऐवजी एकोणपन्नास, चार्जरही एकोणपन्नासच. बिचारी बॅटरी धडधाकट होती, चार्जरच हात आखडून वाढत होता.

नव्या चार्जरने बाइक पोटभर जेवली. सकाळी बाई निघाल्या. "मधे बंद पडली तर मात्र विकणार हं," मुलगा मागून म्हणाला आणि दुकानातच बसून राहिला. मावशींचंही कामात लक्ष नव्हतं, सारखा एकच स्क्रू पुसत होत्या.

शेवटी फोन वाजला. पलीकडून कोणी बोललंच नाही, नुसता मुलांच्या गाण्याचा गलका ऐकू आला. मुलगा तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मावशींनी फोन माझ्या शेजारी ठेवला. "ऐक रे," त्या म्हणाल्या. मित्रांनो, इतका आनंद मला कोणत्याही आकड्याने दिला नव्हता.

आता माझ्या कोपऱ्यावर पारदर्शक पट्टी आहे. माझं एकच मागणं आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवता, त्यालाही अधूनमधून विचारत जा, "तू जेवलास का?"