चंदनची झूल

"चंदन कुठे आहे?" बुऱ्हाणपूर स्टेशनवर उतरल्या उतरल्या रेचलनं मला विचारलं, तेही मराठीत. डिसेंबरच्या सुट्टीत येण्याआधी तिनं एवढं एकच वाक्य घोकलं होतं.

मी नातीकडे पाहिलं. तृप्ती सामान मोजत राहिली.

आगाऊपणा माझाच. अमेरिकेत शिकायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तृप्ती फोनवर वैतागली, "नाना, इथे विचारतात, तुमच्याकडे घरोघरी हत्ती असतात का. इनको कुछ पता ही नहीं."

म्हटलं, सांग, आमचा हत्ती चंदन केळीचे घड उतरवतो.

केळीच्या बागेत हत्ती पाळला तर बाग किती दिवस टिकेल, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. तृप्तीच्या खोलीत राहणाऱ्या रेचलनं मात्र खरं मानलं. मग दोन वर्षं दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, तृप्तीच्या इंग्रजीतून, मी चंदनला कधी धूलकोटच्या बाजारात नेलं, कधी असीरगडावर चढवलं. चांदनी स्टेशनात तर त्यानं मालगाडी अडवली. शेजारच्या बागेचा कडू पोट धरून हसायचा. "अमेरिकावाले येडेच रे भो."

घरी चहा झाल्यावर रेचलनं बॅगेतून लोकरीची झूल काढली. उलगडता उलगडता खोली भरली. तिच्या आजीनं चंदनसाठी पाच महिने विणली होती.

"नाना, खरं सांगून टाका," तृप्ती पुटपुटली. "मैं नहीं बोलूंगी."

तोंड उघडलं आणि सवयीनं निघालं, "गेला तो. चारच दिवस झाले."

तृप्तीनं खाली बघत ते इंग्रजीत सांगितलं. रेचल रडली. मग तिनं वही उघडली. आत नकाशा. तापी, धूलकोट, चांदनी, असीरगड, सगळं जागच्या जागी काढलेलं. चंदन जाईल तिथे लाल ठिपका.

मी हळूच तृप्तीला विचारलं, "हिचं गाव कोणतं?"

"दोन वर्षांत आज विचारताय, नाना."

तृप्तीनं प्रश्न रेचललाच विचारला. रेचलनं नाव सांगितलं. मला ते धड म्हणताही येईना.

संध्याकाळी बागेच्या टोकाला, केळीच्या कापलेल्या खोडांच्या ढिगाशी मी तिला नेलं, चंदनला इथेच पुरलं म्हणून. तिनं झूल त्यावर पसरली, चारही कोपरे नीट केले.

ती अमेरिकेला परत गेल्यावर एका सकाळी मी झूल उचलून दव झटकत होतो. कडू म्हणाला, "गारठा आहे भाऊ, घ्या की अंगावर."

"चंदनची आहे," मी म्हणालो.

कडू हसायला निघाला होता. माझ्याकडे पाहून त्यानं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही घडी घातली.