तयार वाक्यं

थोरलीनं पुन्हा एकदा ‘च’ दाबला आणि मग स्पेस. पडद्यावर ठसठशीत काळा ‘च’ उमटला आणि एकटाच बसून राहिला. त्याच्यापुढे काही म्हणजे काही आलं नाही.

"परवापर्यंत तर सुरळीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही काही केलंत का, बाबा?"

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी डावा हात उचलला. तिनं तो अलगद पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवला, अंगावरची शाल सारखी केली आणि पडद्याकडे वळली.

फोन वाजला. पलीकडे धाकटा होता.

"झालं का, ताई?"

"नाही."

"बंद करून चालू कर."

"केलं."

"मग परत कर. अगं, दुपारी केंद्राच्या बाई येताहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, बाबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय खोली देणार नाही म्हणून."

"तोंडून?"

"आता शब्दात पकडू नकोस. मला काय म्हणायचंय ते कळलंय तुला."

तिनं फोन उपडा ठेवला. टेबलावर नसलेली धूळ तळव्यानं पुसली. खाली कुणीतरी लिफ्टचा दरवाजा उघडा टाकला होता आणि ती टुंग टुंग करत कोकलत होती.

बाबांचं तोंड हा एकेकाळी अख्ख्या फळबाजाराचा विषय होता. ते लिलाव पुकारायचे. पेट्यांच्या उतरंडीवर उभे राहून असा काही आवाज लावायचे की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक ओढल्यासारखं इकडे यायचं. बाजारात त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं, सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. घरी आल्यावरही तो आवाज खाली यायचा नाही. आई म्हणायची, हे मीठ मागताहेत की मीठ विकताहेत, तेच कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि उजवं अंग गेलं. त्यासोबत बोलणंही. डोकं शाबूत होतं, शब्द सगळे जागच्या जागी होते. जीभ आणि ओठ तेवढे संपावर गेले होते. घशातून निघायचा तो नुसता एक लांबलेला स्वर, आणि तो निघाला की बाबा स्वतःच मान फिरवायचे. मग त्यांनी तो काढणंही सोडलं.

लॅपटॉपची कल्पना थोरलीची. ती एका कंपनीच्या तक्रार विभागात लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. तिथे दोन अक्षरं टाइप करून स्पेस दाबली की अख्खा परिच्छेद उभा राहायचा: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बाबांचं डावं बोट एकेक कळ शोधत फिरायचं तेव्हा बघणाराच पुढचा शब्द बोलून टाकायचा. म्हणून एका रविवारी तिनं त्यांच्यासाठीही तशी वाक्यं साठवून दिली. ‘प’ला मला थोडं पाणी मिळेल का. ‘उ’ला उशी जरा वर करता का. ‘द’ला दुखतंय, पण सहन होतंय. ‘च’ला चालेल, तुम्ही ठरवाल तसं. धाकट्याला तर टाळीच वाजवावीशी वाटली होती. बाबा बोलायला लागले, असं त्यानं सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

आणि महिन्याभरापूर्वी त्यानं शुश्रूषा केंद्राचा विषय काढला. वृद्धाश्रम हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. "तिथे चोवीस तास माणूस असेल बाबा, ताईची रोजची धावपळ वाचेल," असं तो म्हणाला तेव्हा बाबांच्या पडद्यावर वाक्य उमटलं होतं: चालेल, तुम्ही ठरवाल तसं. थोरलीनं तेव्हा खिडकीबाहेर बघितलं होतं. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेची लाज वाटली.

तिनं साठवलेल्या वाक्यांची चौकट उघडली. ‘टाइप करताना बदला’ या ओळीपुढे खूण होती. खालची यादी मात्र भलतीच होती, तिच्या वाक्यांपैकी एकही त्यात नव्हतं. तिनं यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर नेली. एक पाय टेबलाखाली आपोआप हलत होता.

"गेलं वाटतं सगळं," ती पुटपुटली. "आता सगळं परत बसून लिहायचं म्हणजे..."

बाबांचा हात पुन्हा उचलला गेला.

"हो हो, देते पाणी. एक मिनिट."

पाणी आणायला उठताना तिची नजर पडद्याच्या तळाशी गेली. तिथल्या बारीक पट्टीत भाषेचं नाव असायचं. तिथे मराठीऐवजी हिंदी आलं होतं. ती तशीच अर्धवट उभी राहिली. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला ती हेच समजावून सांगायची: प्रत्येक भाषेची साठवण वेगळी असते. भाषा बदलली की वाक्यं पुसली जात नाहीत, फक्त दिसेनाशी होतात.

तिनं त्या पट्टीवर टिचकी मारून भाषा पूर्ववत केली. ‘च’ दाबला, स्पेस दाबली.

चालेल, तुम्ही ठरवाल तसं.

"आलं!" ती इतक्या जोरात म्हणाली की बाबा दचकले. "अहो, काही बिघडलं नव्हतंच. कुणीतरी भाषाच बदलून ठेवलेली. पण बदलणार कोण? इथे तर..."

काल ती आली तेव्हा बाबा माउसवर वाकलेले होते. कपाळावर घाम होता. पत्त्यांचा खेळ काढून बसले असतील, असं समजून ती भांडी घासायला गेली होती.

"तुम्ही?"

बाबांनी हात उचलला. या वेळी तिनं तो खाली ठेवला नाही. त्यांनी तर्जनी स्वतःच्या छातीवर टेकवली आणि मग तीच तर्जनी कळफलकाकडे नेली. पडद्यावरचं वाक्य ते मागून पुसू लागले. एकेक अक्षर. सं गेलं, त गेला, ल गेला. ती बघत राहिली. पान पूर्ण कोरं होईपर्यंत ते थांबले नाहीत.

मग त्यांनी लिहायला घेतलं. तिच्या जिभेच्या टोकाशी शब्द येत होते, ‘भूक?’, ‘पडायचंय?’, ‘गरम होतंय?’ एरवी तिनं ते विचारून टाकले असते. आज तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. लिफ्टचं कोकलणं बंद झालं होतं. कळीमागून कळ वाजत होती आणि मधली शांतता तिला अंगावर चढणाऱ्या मुंग्यांसारखी वाटत होती.

त्या दिवशी मी ‘चार दिवस थांबा’ असं लिहीत होतो.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

बाबांनी ‘च’ दाखवला. मग बोट थरथरवून ते कसं घसरलं आणि स्पेसवर कसं पडलं, ते दाखवलं. एखाद्या फजितीचा किस्सा सांगावा तसं त्यांच्या तोंडाचं डावं टोक किंचित वर गेलं होतं.

"मग पुसलं का नाहीत? नुसती मान हलवली असती तरी..."

ते पुन्हा लिहायला लागले. आता ती खुर्ची ओढून बसली.

पुसेपर्यंत तो फोन लावायला उठला. तू खिडकीशी.

थोरलीनं वाक्यांची चौकट पुन्हा उघडली आणि आपणच साठवलेली वाक्यं खालपर्यंत वाचत गेली. ‘ध’पाशी ती थांबली. धन्यवाद, तुम्ही माझ्यासाठी खूप करता आहात. स्वतःचे आभार तिनं स्वतःच लिहून ठेवले होते. तिनं ते वाक्य काढून टाकलं, बाबांकडे न बघता.

"मी मेली आपली ऑफिसातली भाषा इथे आणून ओतली," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. तुम्हाला कुठलं वाक्य हवंय? काय वाटेल ते. शिवी हवी तर शिवी."

बाबांच्या डोळ्यांत बाजार चमकून गेला. ती क्षणभर घाबरलीच, कारण त्यांच्या शिव्यांची तिला कल्पना होती. पण त्यांनी बराच वेळ घेऊन जे लिहिलं ते एवढंच होतं: थांबा, माझं बोलून झालेलं नाही.

तिनं ते चौकटीत उतरवलं. हाताच्या सवयीनं आधी ‘कृपया’ पडलं. बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"बरं बाई, काढते," ती म्हणाली, आणि काढलं.

डाव्या हाताला सोयीच्या एका कळीवर त्यांनी बोट ठेवलं. ती कळ या वाक्याला दिली.

दुपारी धाकटा बाईंना घेऊन आला. बाई केंद्राच्या व्यवस्थापिका होत्या. केस आखूड कापलेले, हातात जड पिशवी, आणि तीन जिने चढून आल्यासारखा श्वास. लिफ्ट पुन्हा अडकली होती.

"या, बसा. हे आमचे बाबा," धाकटा म्हणाला. "बाबा, या त्या बाई. मी सांगितलं होतं ना? तर तसं आमचं सगळं ठरलेलंच आहे. बाबांना सगळं कळतं. त्यांनीच होकार दिलाय."

"ते मला त्यांच्याकडूनच समजून घ्यायचंय," बाई म्हणाल्या.

"घ्या ना, अवश्य. त्यांना बोलता येत नाही, पण या कॉम्प्युटरवर ताईनं छान सोय करून दिलीय. बाबा, सांगा बरं यांना. मागे म्हणालात ना, चालेल म्हणून? एकदा तेच..."

बाबांनी कळ दाबली, मग स्पेस.

थांबा, माझं बोलून झालेलं नाही.

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं थोरलीकडे बघितलं. थोरली टेबलाच्या कडेचा निघालेला पापुद्रा नखानं सोलत होती.

"हे नवीन आहे," तो म्हणाला.

"हो."

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि न सांगता खुर्ची बाबांच्या शेजारी सरकवून घेतली. बाबा लिहू लागले. पडद्यावर ‘मु’ आलं.

"मुक्काम?" धाकटा म्हणाला. "किती दिवसांचा मुक्काम, असं विचारताय का?"

बोट थांबलं. बाबांनी तीच कळ पुन्हा दाबली आणि त्याच वाक्याची दुसरी प्रत पानावर उमटली. बाईंनी तोंडावर रुमाल धरला. थोरलीला आता खरंच भीती वाटायला लागली होती. ते ‘नाही’ म्हणतील. मग उद्या सकाळी पुन्हा दोन बस बदलून यायचं, परवाही, तेरवाही. आणि ते ‘हो’ म्हणाले तर? तर उद्या सकाळी काय करायचं असतं, हे तिला आठवेना. सोललेल्या पापुद्र्याचा तुकडा तिनं मुठीत धरून ठेवला.

मुलांना. पुढे जरा. मग बराच वेळ काही नाही. बोट कळफलकावर घारीसारखं घिरट्या घालत होतं. शेवटी वाक्य पुरं झालं.

मुलांना जरा बाहेर बसवा.

"आम्हाला?" धाकटा म्हणाला. "बाबा, अहो, आम्हीच तर..."

"चल," थोरली म्हणाली. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. बाहेर पडताना तिनं मागे वळून बघितलं नाही. दार तिनं हळूच ओढून घेतलं.

बाहेरच्या अरुंद वाटेत दोघं भिंतीला टेकून उभी राहिली, वर्गाबाहेर काढल्यासारखी. धाकट्याच्या मिशीत आता पांढरे केस दिसत होते. तिला ते आजच दिसले.

"काय शिकवून ठेवलंस त्यांना?" तो कुजबुजला.

"काही नाही. विचारलं फक्त."

"नाही म्हणाले तर?"

तिनं खांदे उडवले. आतून एकेक कळ वाजत होती. टक. मग शांतता. मग टक टक. बाईंचा आवाज आला, हळू, काहीतरी विचारणारा. पुन्हा कळा. त्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या. धाकटा नख चावत होता. लहानपणी आई त्याच्या बोटांना कडू औषध लावायची. थोरलीनं त्याचा हात तोंडातून काढला आणि तो आपल्या हातात तसाच राहू दिला.

आणि अचानक आत बाई हसल्या. सभ्य, तोंडापुढे हात धरून केलेलं हसणं नव्हे ते. पोटातून आलेलं, खदखदून, दम लागेपर्यंतचं. ते ओसरतंय असं वाटलं तोच पुन्हा उसळलं. त्या हसण्याखाली, त्याला लागूनच, बाबांचा तो घोगरा, लांबत जाणारा स्वर होता.

धाकटा ताठ झाला. "काय लिहिलं असेल गं?"

थोरलीनं दाराच्या लाकडावर तळवा ठेवला.

"आपल्याला सांगण्यासारखं नसेल," ती म्हणाली.

आत पुन्हा कळा वाजू लागल्या.